नियम सैल केले तरी उपनगरात घरं का वाढत नाहीत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. तुमच्या गल्लीत एक जुना बंगला पाडून तिथे सहा फ्लॅटची तीन मजली इमारत होणार आहे, शेजारी हरकतीच्या पत्रावर सही मागतायत, आणि इकडे तुमच्या मुलीला त्याच भागात घर हवंय पण परवडत नाहीये. नियोजनाचे नियम सोपे केले असं दर थोड्या वर्षांनी ऐकू येतं, तरी घरं वाढलेली दिसत नाहीत. मग दोष नियमांचा, बिल्डरचा की आपला शेजाऱ्यांचा, आणि सही करू की नको, असं तुम्ही विचारलंय. बिल्डर परवानगी मिळूनही जमीन दाबून ठेवतात असा तुमचा संशय आहे, आणि शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनीबद्दलही ओझरतं विचारलंय.

मी प्लॅनर आहे, म्हणजे नगररचनेचं काम करतो. पहिली बारा वर्षं मंजुरीच्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसून नकाशे तपासले, नंतरची चौदा वर्षं बाहेरच्या बाजूने तेच नकाशे हातात घेऊन उभा राहतोय. दोन्हीकडून बघितल्यावर माझं मत असं झालंय की उपनगरातलं घर सरळ 'नाही' म्हटल्यामुळे क्वचितच अडतं, ते 'हो, पण...' मध्ये अडकतं. परवानगी आहे, पण मार्जिन, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून इमारतीपर्यंतची मोकळी जागा, सोडा. परवानगी आहे, पण दोन गाड्यांची जागा दाखवा. परवानगी आहे, पण ड्रेनेजवाल्यांचं पत्र आणा. यातली एकेक अट वेगळी काढून बघितली तर वाजवीच वाटते, आणि सगळ्या एका प्लॉटवर एकदम लावल्या की घर बसतच नाही. सुधारणेची घोषणा बहुतेक वेळा त्या 'हो' ची असते, 'पण' तसेच राहतात.

आता हे कुठे किती लागू पडतं ते परिस्थितीवर आहे, ते आधीच सांगतो. शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनीवर अडचण बहुतेक पाइप आणि रस्त्याची असते, वसलेल्या उपनगरात ती मापांची आणि शेजाऱ्यांची असते. व्याजदर चढे असतील तर सगळ्यात उत्तम नियमसुद्धा काही वर्षं कागदावरच राहतात. आणि जिथे घराची किंमत बांधकामाच्या खर्चाच्या जेमतेम वर आहे तिथे कितीही मजल्यांची परवानगी द्या, कोणी बांधायला येत नाही. तुमच्या प्रश्नावरून तुमचा भाग मागणी असलेला, वसलेला दिसतो, म्हणून मी त्याबद्दलच जास्त बोलतोय.

एक साधा प्लॉट घ्या, १५ मीटर रुंद, ३० मीटर खोल, म्हणजे ४५० चौरस मीटर. नियम असा आहे असं धरा की इथे चार घरं चालतील, दोन मजले. पुढे ६ मीटर सोडा, मागे ६ सोडा, दोन्ही बाजूंना ३-३ सोडा. उरलं ९ गुणिले १८, म्हणजे १६२ चौरस मीटर. दोन मजल्यांचे ३२४. त्यातून जिना, भिंती, पॅसेज यात साधारण पाचवा हिस्सा जातो, हातात २६० च्या आसपास. ८५ चौरस मीटरचं एक घर धरलं तर तीन घरं बसली. चौथं इथेच गेलं, आणि अजून गाड्या यायच्यात.

घरामागे दोन गाड्या म्हणजे सहा गाड्या. गाडी उभी राहायला अडीच बाय पाच मीटर लागतात, पण ती वळवायला आणि बाहेर काढायला जागा धरली की एका गाडीला २५ ते ३० चौरस मीटर जातात. मोकळी जागा तर २८८ आहे ना, मग अडचण काय, असं कोणीही विचारेल. अडचण अशी की पुढचे ६ मीटर 'हिरवे ठेवा' म्हणून राखीव, बाजूच्या ३ मीटरच्या पट्टीतून गाडी फक्त आत जाऊ शकते, आणि मागच्या ६ मीटरमध्ये ५ मीटरची गाडी उभी केली की तिला मागे घ्यायला एकच मीटर उरतो. मग गाड्या तळमजल्यावर, इमारतीच्या खाली. म्हणजे तळमजला गेला, राहिला एक मजला, त्यात एक ऐसपैस घर नाहीतर दोन अगदी लहान. तळघरात पार्किंग करा म्हणाल तर एवढ्या छोट्या कामाला त्याचा खर्च झेपत नाही. बिल्डर हा हिशोब पहिल्याच दिवशी पेन्सिलने करतो आणि एकच मोठं घर बांधून मोकळा होतो, आणि लोक म्हणतात बघा, परवानगी दिली तरी हे बांधत नाहीत.

आता त्याच प्लॉटवर पुढचं आणि मागचं मार्जिन ६ चं ३ करा, आणि गाड्यांची सक्ती काढा, ज्याला हवी त्याने जागा ठेवावी. ९ गुणिले २४ म्हणजे २१६, दोन मजल्यांचे ४३२, पाचवा हिस्सा वजा जाता ३४५. चार घरं बसली. मजला एकही वाढला नाही, उंची तीच, बाजूच्या शेजाऱ्यापासूनचं अंतरही तेच. म्हणून कुठल्याही सुधारणेची बातमी आली की मी आधी प्लॉट काढून बघतो, घोषणा नंतर वाचतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही, हे घडून गेलंय. कॅलिफोर्नियात घराच्या आवारात दुसरं लहान घर बांधता यावं म्हणून १९८२ पासून कायदा होता. तरी फार थोडी घरं बांधली जायची, कारण प्रत्येक गावाने आपापल्या अटी लावल्या होत्या, पार्किंग वाढवा, मालकाने तिथेच राहायला हवं, शुल्क भरा, सुनावणीला या. २०१६ पासून पुढच्या काही वर्षांत राज्याने या अटी एकामागून एक काढल्या. सार्वजनिक वाहतुकीपासून अर्ध्या मैलाच्या आत पार्किंगची सक्ती बंद, ७५० चौरस फुटांच्या आतल्या घराला विकास शुल्क माफ, सुनावणी बंद, आणि ६० दिवसांत निर्णय द्यायचा. वर्षाला हजार-दीड हजारांच्या घरात असलेल्या परवानग्या २०२२ पर्यंत वीस हजारांच्या वर गेल्या. 'हो' जुनाच होता, 'पण' गेले.

उलट मिनियापोलिस बघा. सगळ्या निवासी भागांत तीन घरांपर्यंत परवानगी देणारं अमेरिकेतलं ते पहिलं मोठं शहर, आराखडा २०१८ च्या डिसेंबरात मंजूर झाला, खूप गाजला. पण आतल्या बऱ्याच गल्ल्यांत इमारतीचं आकारमान एका घराइतकंच ठेवलं, त्यामुळे तीन घरांच्या इमारती फारच थोड्या उभ्या राहिल्या. त्या शहरात घरं वाढली ती मोठ्या रस्त्यांवरच्या इमारतींमुळे, आणि पार्किंगची सक्ती काढल्यामुळे. जो भाग बातम्यांत गाजला त्याने थोडं काम केलं, ज्याची चर्चा कमी झाली त्याने जास्त.

मार्जिन-पार्किंगनंतरचा मोठा अडसर म्हणजे वेळ, आणि त्याहून वाईट म्हणजे वेळेचा भरवसा नसणं. जगात ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. जपानसारख्या ठिकाणी झोनचे, म्हणजे कुठे काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या विभागांचे, प्रकार देशभर एकच, तेरा, आणि तुमचा नकाशा नियमात बसला की परवानगी मिळते. इंग्लंडमध्ये १९४७ च्या कायद्याने बांधायचा हक्कच परवानगीशी बांधला गेला, जमीन तुमची पण प्रत्येक प्रकरणाचा निर्णय वेगळा, आणि आराखड्यात जागा घरांसाठी दाखवली असली तरी तुमचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. दुसऱ्या पद्धतीत परिस्थिती बघून चांगला निर्णय देता येतो हे मी मान्य करतो, मी स्वतः तसे निर्णय दिलेत. पण तिची किंमत लहान माणूस भरतो. जमिनीला शंभर गुंतवले आणि व्याज बारा टक्के असेल तर दोन वर्षं थांबण्याचे पंचवीस होतात, एक वीट न लावता. मोठ्या कंपनीच्या वीस फायली चालू असतात, एक अडकली तर दुसरी सुटते. चार घरांचं काम करणाऱ्याकडे एकच फाइल असते. इंग्लंडमध्ये १९८८ च्या सुमारास नवीन घरांपैकी दहातली चार लहान बिल्डर बांधायचे, आता दहातलं एक, आणि याला कारणं अनेक असली तरी परवानगीतली अनिश्चितता त्यात ठळक आहे.

माझ्याच एका फाइलची गोष्ट सांगतो. पाच घरांचं काम होतं. अग्निशमनवाल्यांना मागच्या बाजूपर्यंत गाडी जाईल असा साडेचार मीटरचा रस्ता हवा होता, आणि तो जिथून जात होता तिथे एक मोठं जुनं झाड, वृक्षवाल्यांनी त्याच्या मुळांपासून चार मीटर काहीही करू नका म्हणून लिहिलेलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण पहिला म्हणे दुसऱ्याची एनओसी आणा मग बघू, दुसराही तेच म्हणे. सात महिने कागद इकडून तिकडे फिरले. शेवटी मी हात जोडून दोघांना एकाच सकाळी साइटवर आणलं, टेप लावली, आणि चाळीस मिनिटांत निघालं की फाटक दोन मीटर डावीकडे सरकवलं तर झाडही राहतं आणि गाडीही आत जाते. सात महिन्यांचं काम चाळीस मिनिटांचं होतं. पण तोपर्यंत त्या लहान बिल्डरचा धीर सुटला होता, त्याने प्लॉट विकला, आणि घेणाऱ्याने तिथे एकच मोठं घर बांधलं. पाच कुटुंबांची जागा गेली. मला ते अजून लागतं. कायदा बदलायच्या गप्पा होतात तेव्हा मी दरवेळी हेच मागतो, की सगळ्या खात्यांनी एकाच दिवशी जागेवर यायचं आणि ठरलेल्या दिवसांत एकच उत्तर द्यायचं, याला विधानसभेची गरजसुद्धा नाही.

पाणी आणि ड्रेनेजबद्दल लोक कमी बोलतात, मी मात्र सगळ्यात जास्त घरं इथेच अडलेली बघितलीत. जुन्या उपनगरातली ड्रेनेजची मुख्य लाइन त्या वेळच्या वस्तीसाठी टाकलेली असते, त्यात थोडी जागा शिल्लक असते. पहिले दहा अर्जदार ती शिल्लक वापरून घेतात, अकराव्याला पत्र येतं की क्षमता संपली, पंपिंग स्टेशन वाढवायचा खर्च तुम्ही करा. चार घरांचा माणूस चार हजार घरांचं पंपिंग स्टेशन कसं बांधणार? हा खर्च सगळ्यांत वाटून, आधीच कर्ज काढून करायला हवा आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक घराकडून थोडा थोडा वसूल करायला हवा. आणि वसुली क्षेत्रफळावर हवी. घरामागे सरसकट एकच शुल्क लावलं की लहान घराला ते जड जातं, मोठ्याला जाणवतही नाही, मग लोक लहान घरं बांधणं सोडून देतात.

कडेच्या मोकळ्या जमिनीबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही ओझरतं विचारलंय. तिथे जमीन लांबट तुकड्यांत वाटलेली असते, मधे रस्ता नसतो. उपाय जुना आहे, सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सुविधांसाठी हिस्सा काढायचा, आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण रस्ता-पाणी असलेला प्लॉट परत द्यायचा. जर्मनीत फ्रँकफर्टसाठी १९०२ मध्ये असा कायदा झाला, आपल्याकडे मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा त्याच विचाराचा, जपानने तर शहरी भागाचा मोठा हिस्सा असाच वसवला. वेळ लागतो, पण कोणाची जमीन पूर्ण जात नाही म्हणून भांडणं कमी होतात.

बिल्डर जमीन दाबून ठेवतात हा तुमचा संशय अर्धा खरा आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी तेव्हाचे खासदार ऑलिव्हर लेटविन यांनी मोठ्या साइट्सची तपासणी केली, प्रश्न हाच होता की परवानगी मिळाल्यावरही घरं हळू का बांधली जातात. त्यांना दिसलं ते असं की एकसारखी घरं त्या भागात जेवढ्या वेगाने सध्याच्या भावात विकली जातील तेवढ्याच वेगाने बांधली जातात, भाव पडेल इतकी कोणी बांधत नाही. हे दुष्टपणाचं नाही, धंद्याचंच गणित आहे. म्हणून एकाच कंपनीला दोन हजार घरांची एक साइट देण्यापेक्षा पन्नास जणांना चाळीस-चाळीस घरांच्या जागा दिल्या, घरांचे प्रकार वेगवेगळे ठेवले, काही भाड्याची काही विकायची, तर वेग वाढतो. तुमच्या गल्लीतल्या सहा फ्लॅटकडे मी त्या दृष्टीने बघतो. एकटे सहा काहीच नाहीत, पण प्रत्येक गल्लीत सहा असतील तर ती संख्या मोठी होते आणि ती कोणा एकाच्या मुठीत राहत नाही.

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात जवळपास तसंच झालं. २०१६ च्या आराखड्याने निवासी जमिनीच्या साधारण तीन चतुर्थांश भागात जास्त घरांना परवानगी दिली, एका कोपऱ्यात टॉवर आणि बाकी सगळं जैसे थे असं केलं नाही. वर्षाला दहा हजारांच्या आसपास असलेल्या परवानग्या २०२२ पर्यंत एकवीस हजारांवर गेल्या, त्यात जोडघरं आणि रांगेतली घरंच जास्त. त्यातला किती वाटा आराखड्याचा आणि किती त्या काळातल्या स्वस्त कर्जाचा यावर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहे, पण वाढ कुठे झाली ते बघितलं तर ज्या भागांचे नियम बदलले तिथेच ती प्रामुख्याने दिसते. माझ्या मते यामागे एक गोष्ट होती, २०१० मध्ये तिथल्या आठ वेगवेगळ्या स्थानिक स्वराज्य संस्था मिळून एकच कौन्सिल (महापालिकेसारखी संस्था) झाली होती. सगळ्या शहराचा निर्णय एका ठिकाणी झाला, त्यामुळे एकेका उपनगराला 'आमच्याकडे नको, पलीकडे करा' म्हणता आलं नाही.

जिथे म्हणता येतं तिथे काय होतं? लंडनच्या दक्षिण भागात क्रॉयडनची स्थानिक पालिका आहे. त्यांनी २०१९ मध्ये उपनगरी प्लॉटवर लहान इमारती कशा बसवाव्यात याची चांगली सविस्तर मार्गदर्शिका काढली, कामं सुरू झाली, शेजारी चिडले, निवडणूक झाली, आणि २०२२ मध्ये ती मार्गदर्शिका रद्द झाली. तीन वर्षं. जमीन घ्यायला, नकाशा करायला आणि बांधायलाच तीन वर्षं जातात. त्यामुळे मी नुसता 'शेजाऱ्यांकडे दुर्लक्ष करा' या मताचा नाही, तशी सुधारणा टिकत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने १९९८ मध्ये मधल्या भागात घराच्या प्लॉटची किमान मर्यादा ५,००० वरून १,४०० चौरस फुटांवर आणता येईल अशी सोय केली, आणि ज्या गल्लीतल्या बहुसंख्यांना नको असेल त्यांना अर्ज करून बाहेर राहायची मुभा ठेवली. काही गल्ल्या बाहेर राहिल्या, बाकी शहरात हजारो घरं झाली, आणि नियम टिकला, २०१३ मध्ये तो उलट शहरभर वाढवला.

शेजाऱ्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. बहुतेकांची आयुष्यभराची बचत त्या एका घरात असते आणि शेजारी काय होईल याचा विमा मिळत नाही, मग ते घाबरणारच. एका सुनावणीत बारा हरकती होत्या, सगळ्यांत एकच छापील वाक्य, 'परिसराचं स्वरूप बिघडेल'. त्यातल्या एका वयस्कर बाईंच्या घरी मी गेलो. त्यांनी मला मागच्या खोलीची भिंत दाखवली, जमिनीपासून वीतभर उंचीवर पाण्याची रेघ होती. मागचा प्लॉट दीड फूट उंच, दर पावसात पाणी त्यांच्याकडे यायचं, आणि आता तिथे सगळीकडे काँक्रीट झालं तर काय होईल ही त्यांची खरी भीती. हरकतीच्या अर्जात पाण्याचा शब्दही नव्हता. आम्ही उतार रस्त्याकडे फिरवला, कंपाउंडला लागून झाकलेलं गटार घेतलं, तो नकाशा त्यांना दाखवला, आणि त्यांनी हरकत मागे घेतली. बाकीच्या अकरा तशाच राहिल्या, पण मंजुरी झाली, आणि त्या गटारामुळे दुसऱ्या दोन घरांतलंही पाणी थांबलं.

तर तुमच्या सहीबद्दल. तयार पत्रावर सही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी नकाशा बघायला मागा, तो बघायचा हक्क बहुतेक ठिकाणी असतो, आणि स्वतःच्या नावाने वेगळं पत्र द्या. पावसाचं पाणी कुठे जाणार, ड्रेनेज कुठल्या लाइनला जोडणार आणि तिच्यात जागा आहे का, बांधकामाच्या काळात ट्रक कुठे उभे राहणार आणि किती वाजेपर्यंत, वरच्या मजल्याच्या खिडक्या कोणाच्या अंगणात उघडतात. या चार प्रश्नांवर अटी घालता येतात आणि बिल्डरला त्या परवडतातही. 'एक मजला कमी करा' ही मागणी मात्र दोन घरं कमी करते आणि उरलेली चार महाग करते, ती करायच्या आधी मुलीचा विचार करा.

आणि तिला सुनावणीला घेऊन जा. मी आतल्या बाजूला होतो त्या बारा वर्षांत शेकडो लोक सुनावणीला आलेले बघितले, पण 'मला या भागात राहायला यायचंय आणि घर मिळत नाहीये' असं सांगायला आलेले फक्त दोघं आठवतात. दोघांचंही म्हणणं तेव्हा शब्दशः नोंदवून घेतलं होतं. नकाशाची प्रत मिळाली की मार्जिन, जिना आणि पार्किंगची मापं इथे टाका, सहाच्या सहा घरं खरंच बसतायत का आणि पाणी कुठे वळवता येईल ते मी बघून सांगतो.